गाडीच्या मीटरच्या लाइटचा रंग बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मीटरच्या लाइटचा रंग बदलता येतो का, की अख्खं मीटरच बदलावं लागतं?

बहुतेक गाड्यांत येतो. फक्त एलईडी विकत घ्यायच्या आधी एक गोष्ट शोधून काढा: तुमच्या मीटरमध्ये रंग मुळात येतो कुठून? बल्बातून, बल्बावरच्या रबरी टोपीतून, डायलमागच्या छपाईतून की बोर्डावरच्या एलईडीतून? लोक ऑनलाइन दहा निळ्या बल्बांचं पाकीट मागवतात, रविवारी मीटर उघडतात आणि मग कळतं की आत बल्बच नाहीत. किंवा बल्ब आहेत, पण निळा लावला तरी उजेड पडतो हिरवाच, तोही मेलेला. म्हणून आधी बघा, मग खरेदी करा.

आत काय आहे हे न उघडता कसं ओळखायचं?

रात्री पार्किंग लाइट लावा आणि डायलकडे नीट बघा. मधोमध किंवा एका बाजूला उजेड जास्त आणि कडेचे आकडे अंधुक असतील, तर आत बल्ब असण्याची शक्यता जास्त. लाइट बंद केल्यावर उजेड क्षणभर रेंगाळून विझतो का तेही बघा. फिलामेंट थंड व्हायला वेळ लागतो, एलईडी मात्र खटकन विझतो.

मारुती ८००, ओम्नी, जुनी ऑल्टो, पहिली इंडिका या पिढीच्या गाड्यांत मीटरच्या पाठीमागे गोल प्लास्टिकचे होल्डर दिसतात, पाव फेरा फिरवला की हातात येणारे. हे काम घरी होण्यासारखं आहे. मीटरची पाठ सपाट असेल, एक-दोन मोठे कपलर (वायरींचे प्लास्टिकचे जोड) सोडले तर काहीच दिसत नसेल, तर एलईडी बोर्डावर सोल्डर केलेले आहेत असं समजा. आणि मीटरच्या जागी स्क्रीनच असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि सेटिंग्जचा मेनू उघडा. काही गाड्यांत रंगाची निवड तिथेच असते. फोर्डने २००५च्या मस्टँगमध्ये बटण दाबून मीटरचा रंग बदलायची सोय दिली होती, तब्बल १२५ रंगांची. तेव्हा कल्पना नवी नाही.

हिरव्या मीटरमागे लाल एलईडी लावला तर लाल दिसेल का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या मीटरमध्ये बल्ब साधा, पिवळसर पांढऱ्या उजेडाचा असतो. हिरवा रंग येतो तो बल्बावरच्या टोपीतून, मधल्या फिल्ममधून किंवा डायलच्या मागच्या बाजूच्या छपाईतून. हे सगळे गाळणीचं काम करतात. पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात, त्यातला हिरवा पुढे जातो, बाकीचे अडतात. आता मागे लाल एलईडी लावलात तर त्यात हिरवा भाग जवळपास नसतोच. गाळणीला पुढे सोडायला काही उरत नाही आणि आकडे काळे पडतात. निळा लावला तर थोडा उजेड झिरपतो, पण मळकट हिरवा-निळा.

उपाय परिस्थितीनुसार वेगळा. रबरी टोपी असेल तर ती काढा, काम झालं. सुटी फिल्म असेल तर डायल उचलून तीही काढता येते. छपाईच रंगीत असेल तर मात्र प्रकरण अवघड. काही जण डायल उलटा करून मागचा हिरवा थर स्पिरिटने हळूहळू पुसतात. त्याच थराला चिकटून आकड्यांभोवतीचा काळा थर असतो. एक बोळा जास्त फिरला की काळ्यात बारीक छिद्रं पडतात आणि रात्री डायलवर चांदण्या दिसतात. हे मी कुणाला सुचवत नाही. अशा गाडीत मूळ रंगच ठेवून तो ताजा करायचा, किंवा मागची छपाई पांढरी असलेला तयार डायल मिळतो का ते बघायचं.

मला रंग तोच हवाय, फक्त उजेड वाढवायचाय. कोणता एलईडी घेऊ?

वॉर्म व्हाइट. दुकानदार कूल व्हाइट पुढे करतो, कारण तो काउंटरवर झगझगीत दिसतो. पांढरा एलईडी म्हणजे खरं तर निळा एलईडी आणि त्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडात चमकणारा लेप. कूल व्हाइटमध्ये निळ्याचा भाग मोठा, लालचा अगदी कमी. त्यामुळे मूळचा हिरवा पोपटी सोडून समुद्री छटेकडे झुकतो, नारिंगी काटा फिका पडतो आणि आरपीएमच्या डायलवरचा लाल पट्टा गुलाबी दिसायला लागतो.

टी-५, टी-१० हे काय प्रकरण आहे?

बल्बाच्या काचेच्या बुडाचे आकार. टी-१० मोठा, पार्किंग लाइटमध्ये असतो तसाच. टी-५ त्याच्या निम्म्या जाडीचा, बहुतेक वेळा १.२ वॅटचा. एसीच्या बटणांमागे आणि हीटरच्या नॉबमागे याहून बारीक असतात, त्यांना होल्डर बल्बाबरोबरच येतो. एक बल्ब काढा, खिशात टाका आणि दुकानात दाखवा. नावावरून घेण्यापेक्षा हे सोपं पडतं.

होल्डर बसवताना जपा. जुन्या मीटरच्या पाठीवर तांब्याच्या रेषा असलेली पातळ प्लास्टिकची शीट असते, होल्डरचे पाय त्यावर टेकतात. वीस-पंचवीस वर्षांनी ती कडक झालेली असते. होल्डर घट्ट बसत नाही म्हणून जोर लावला की रेषा उचकटते. मग एका बल्बापायी तापमानाचा काटाही बंद पडतो आणि वायरमनकडे जावंच लागतं.

एलईडी लावला, पण पेटतच नाही. खराब निघाला का?

बहुधा उलटा बसलाय. साध्या बल्बाला धन-ऋण नसतं, एलईडीला असतं. काढा, अर्धा फेरा फिरवून परत लावा. सगळे पेटल्याची खात्री मीटर उघडं असतानाच करून घ्या. पुन्हा सगळे स्क्रू आवळल्यावर इंधनाच्या डायलचा कोपरा अंधारात दिसला की फार चीड येते.

सगळेच बल्ब एलईडी केले तर? इशाऱ्याचे दिवेसुद्धा?

नको. माझं मत विचाराल तर या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच. रंग बदलायचा तो मागच्या उजेडाचा. इशाऱ्याच्या दिव्यांना हात लावायचा नाही.

बॅटरीचं चिन्ह असलेला लाल दिवा घ्या. पुष्कळ जुन्या गाड्यांत हा नुसता दिवा नसतो. किल्ली फिरवली की याच बल्बातून अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) फील्ड कॉइलला सुरुवातीचा करंट पोचतो आणि त्यावर अल्टरनेटर जागा होतो. ३ वॅटचा बल्ब असेल तर हा करंट पाव अँपिअर भरतो. तिथे एलईडी लावला की उरतो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मग गाडी सुरू होते, पण चार्जिंग सुरू होत नाही, किंवा एकदा जोरात रेस केल्यावरच होतं. लोक अल्टरनेटर उतरवतात, बॅटरी बदलतात, बेल्ट ताणतात, आणि दोष निघतो मीटरमधल्या इवल्याशा एलईडीत.

दुसरं उदाहरण इंडिकेटरचं. काही जुन्या गाड्यांत डावी-उजवीकडे मिळून एकच हिरवा दिवा असतो. तो डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो, म्हणजे एकदा करंट इकडून तिकडे वाहतो, एकदा तिकडून इकडे. एलईडी लावला की तो एकाच बाजूला चमकणार. तिसरं, पेट्रोल संपत आल्याचा दिवा. काही टाक्यांमध्ये या दिव्याच्या रांगेतच एक थर्मिस्टर (गरम झाला की करंट जास्त सोडणारा भाग) असतो, पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत तो करंट रोखून धरतो. जो थोडासा करंट झिरपतो तो बल्ब पेटवायला पुरत नाही, पण एलईडीला पुरतो. टाकी फुल, दिवा चालू. एअरबॅगचा दिवा तर विचारूच नका. काही गाड्यांचं एअरबॅग मॉड्यूल बल्बातला करंट तपासत असतं आणि तो बदलला की बिघाड नोंदवून मोकळं होतं.

शिवाय रंगांचा अर्थ जगभर ठरलेला आहे. लाल म्हणजे धोका, पिवळा-नारिंगी म्हणजे लक्ष द्या, हिरवा म्हणजे अमुक चालू आहे, निळा म्हणजे अप्पर लागलाय. तुम्हाला सवय होईल हो. पण गाडी उद्या भावाने किंवा ड्रायव्हरने चालवली, तर ऑइलचा दिवा जांभळा का लागलाय याचा विचार करेपर्यंत इंजिन बसलेलं असेल.

माझ्या मीटरमध्ये एलईडी बोर्डावर सोल्डर केलेले आहेत. जुने काढून नव्या रंगाचे लावले की झालं ना?

सोल्डरिंग जमत असेल तर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं गणिताचं आहे, आणि फसगत तिथेच होते.

प्रत्येक रंगाच्या एलईडीला लागणारा व्होल्टेज वेगळा. लाल आणि नारिंगीला साधारण २ व्होल्ट, निळ्या आणि पांढऱ्याला ३.२ च्या आसपास. समजा तुमच्या बोर्डावर चार नारिंगी एलईडी एका माळेत आहेत आणि सोबत करंटला आवर घालणारा ३३० ओहमचा रेझिस्टर आहे. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात, चौघे मिळून ८ खातात, उरलेले ६.४ रेझिस्टरवर पडतात. करंट निघतो साधारण १९ मिलीअँपिअर. छान. आता तिथे चार पांढरे लावले तर त्यांनाच १२.८ व्होल्ट लागतात. रेझिस्टरसाठी फारसं काही उरत नाही. परिणाम असा की इंजिन बंद असताना मीटर मिणमिणतं आणि इंजिन चालू झालं की थोडं उजळतं. लोक म्हणतात एलईडी डुप्लिकेट निघाले. तसं नसतं.

उलटं केलं तर जास्त वाईट. तीन पांढऱ्यांच्या माळेत २४० ओहम असेल आणि तिथे तीन लाल लावले, तर करंट ३५ मिलीअँपिअरवर जातो आणि रेझिस्टरवर ०.३ वॅटच्या आसपास उष्णता पडते. ०८०५ आकाराचा बारीक रेझिस्टर साधारण अष्टमांश वॅटचा असतो. तो आधी तपकिरी होईल, मग जाईल. म्हणून एलईडी बदलताना माळेत किती आहेत ते मोजा, रेझिस्टरवरचा आकडा वाचा आणि नवा रेझिस्टर काढा. २४१ लिहिलं असेल तर २४ वर एक शून्य, म्हणजे २४० ओहम. करंट २० मिलीअँपिअर असायलाच हवा असंही नाही. आजचे एलईडी इतके प्रखर आहेत की रात्रीच्या मीटरला ५ ते १० पुरतात.

आणखी एक. नवा एलईडी लावण्याआधी मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून टोकं लावून बघा. अंधुक पेटला की लाल वायरची बाजू धन. शरीराचा एक कोपरा कापलेला असतो, तो साधारणपणे ऋण बाजूला. पण चिनी मालात यावर डोळे झाकून विसंबू नका. जुना काढताना एका बाजूचं सोल्डर वितळवून ओढू नका, पॅड उखडतं. दोन्ही बाजूंना ताजं सोल्डर द्या, दोन्हीकडे गरम ठेवा, एलईडी आपोआप सरकतो. राहिलेला फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट राळेसारखा थर) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कोकणात आणि मुंबईत राहत असाल तर नक्कीच. दमट हवेत तो चिकट थर धूळ आणि ओल धरून ठेवतो.

काटे काढावे लागतात का? मग रीडिंग चुकतं म्हणतात.

काट्यांना स्वतःचा उजेड असेल आणि त्यांचा रंगही बदलायचा असेल, किंवा डायल काढायचा असेल, तर काढावे लागतात. नसेल गरज तर हात लावू नका.

नव्या मीटरमध्ये काट्यामागे स्टेपर मोटर (बारीक टप्प्यांनी फिरणारी मोटर) असते. किल्ली फिरवल्यावर काही गाड्यांत सगळे काटे टोकापर्यंत जाऊन परत येतात, त्यातून मीटर आपलं शून्य शोधतं. अशा गाडीत काम तुलनेने सोपं. काढण्याआधी काटा ज्या जागी विसावलाय तिथे डायलवर कागदी टेपचा तुकडा लावून बारीक रेघ मारा आणि फोटो काढा. मग काट्याच्या बुंध्याखाली दोन्ही बाजूंनी दोन चमचे, खाली डायलवर कापड, आणि दोन्ही चमचे एकदम सरळ वर. पिळायचं नाही. बसवताना अलगद दाबा. काटा पूर्ण खाली रुतवला तर डायलला घासतो आणि ८० वर अडकून बसतो.

जुन्या केबलवाल्या स्पीडोमीटरचा काटा केसाएवढ्या स्प्रिंगवर असतो आणि त्या काळच्या इंधन-तापमानाच्या मीटरमध्ये काटा थरथरू नये म्हणून घट्ट सिलिकॉन तेल भरलेलं असतं. काटा ओढला की कधीकधी दांडाच वर येतो. असं मीटर टेबलावर पालथं घालून तासभर ठेवलं तरी तेल डायलवर उतरू शकतं. तिथे काट्यांना विसरा.

पुन्हा बसवल्यावर मोकळ्या, सरळ रस्त्यावर कुणालातरी शेजारी बसवून मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा. काटा जीपीएसपेक्षा थोडा जास्त दाखवणार, घाबरू नका. स्पीडोमीटरच्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार तो खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचा नसतो. जास्त दाखवायची मुभा खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर. खरा वेग ६० असेल तर काटा ७० पर्यंत चालतो, ५९ चालत नाही.

एलईडी लावल्यापासून डिमर चालत नाही.

जुन्या डिमरमध्ये गुंडाळलेली तार असते. बल्बांच्या मोठ्या करंटवर तिचा परिणाम दिसायचा. एलईडीचा करंट इतका थोडा की त्या तारेवर व्होल्टेज पडतच नाही. चक्र कितीही फिरवा, उजेड तोच. नवीन गाड्यांत डिमर करंटची वेगाने उघडझाप करतो, तिथे एलईडी व्यवस्थित मंद होतात. जुन्या गाडीसाठी तसंच छोटं पीडब्ल्यूएम मॉड्यूल मध्ये टाकता येतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे रेझिस्टर मोठा घालून उजेडच रात्रीला सोसवेल इतका ठेवणं. घरात, ट्यूबलाइटखाली ठरवू नका. गाडी अंधारात नेऊन, डोळे पंधरा मिनिटं सरावल्यावर ठरवा.

रात्री डोळ्यांना कोणता रंग बरा?

दुकानात सगळ्यात जास्त खपतो निळा, आणि रात्री घाटात सगळ्यात जास्त त्रास देतो तोही निळाच. अंधारात बघणाऱ्या पेशी निळ्या-हिरव्या उजेडाला फार लवकर भुलतात. शिवाय डोळ्याचं भिंग निळा उजेड पडद्याच्या अलीकडेच एकवटतं, त्यामुळे दूर रस्त्यावर स्थिरावलेल्या नजरेला निळे आकडे धुरकट, कडेला वलय असलेले दिसतात. फोक्सवॅगनने बरीच वर्षं निळे डायल आणि लाल काटे दिले. दिसायला देखणे होते, मान्य.

लालचा फायदा असा की अंधाराला सरावलेली नजर तो फारशी मोडत नाही. तोटा चाळिशीनंतर कळतो. लाल उजेड पडद्याच्या मागे एकवटतो, म्हणून जवळचं वाचायला डोळ्याला जास्त ताण पडतो. ज्यांना पेपर हात लांब करून वाचावा लागतो त्यांनी लालच्या वाटेला जाऊ नये. शिवाय लाल पार्श्वभूमीवर लाल इशारा उठून दिसत नाही. बीएमडब्ल्यूने वर्षानुवर्षं तांबूस नारिंगी धरून ठेवला होता तो या दोन्हींच्या मधला. माझी पसंती तोच, किंवा मंद वॉर्म व्हाइट.

रंगापेक्षा उजेड किती हे महत्त्वाचं. स्वीडनची साब कंपनी मूळची विमानं बनवणारी. त्यांच्या गाड्यांत एक बटण असायचं, ते दाबलं की स्पीडोमीटर सोडून बाकी सगळं मीटर अंधारात जायचं आणि काही गडबड झाली तरच पेटायचं.

जुन्या गाड्यांत निळे मीटर का नसायचे? सगळी हिरवी किंवा नारिंगीच.

प्रखर निळा एलईडी १९९० च्या दशकात जमला, त्याआधी एलईडी म्हणजे लाल, नारिंगी आणि हिरवा. पांढराही निळ्यावरूनच बनतो, म्हणून तोही नंतरच आला. या शोधाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

बल्बालाच नेलपेंट किंवा काचेचा रंग लावला तर?

गरम बल्बावर तो करपतो आणि वास गाडीभर पसरतो.

मीटर काढताना काय सांभाळायचं?

बॅटरीची ऋण तार १० च्या पान्याने सोडवा आणि एअरबॅग असेल तर काही मिनिटं थांबा. स्टीअरिंग खाली झुकवा, कॉलमवर जुना टॉवेल टाका. मीटरची पुढची प्लास्टिकची काच त्यावर घासली की ओरखडा कायमचा. कपलरला खटका असतो, तो दाबूनच ओढा. केबलवाल्या गाडीत स्पीडोमीटरची केबल मागून आधी सोडवा. पुढची काच पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका, ती पांढरी पडते. डायलच्या काळ्या पृष्ठभागाला बोट लागू देऊ नका, ठसा नंतर रोज उन्हात दिसतो.

असं केल्याने किलोमीटर शून्य होतात का?

नाही. आकडा बोर्डावरच्या मेमरी चिपमध्ये असतो, बॅटरी काढली तरी राहतो. जुन्यात तर दात्यांची चाकंच असतात. वरच्या मॉडेलचं वेगळ्या रंगाचं मीटर आणून बसवलंत तर मात्र त्या गाडीचे किलोमीटर तुमच्या गाडीत येतील आणि विकताना उत्तरं देत बसावं लागेल. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत इमोबिलायझरही (किल्ली ओळखल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा) मीटरमध्येच असतो, म्हणजे परकं मीटर लावलं की गाडी सुरूच होत नाही.

वॉरंटी जाते का? आरटीओची अडचण?

वॉरंटीतल्या गाडीचं मीटर उघडू नका. नंतर वायरिंगचा कुठलाही दावा आला की सर्व्हिस सेंटर आधी तिथेच बोट ठेवणार. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीवर नोंदलेल्या तपशिलांत परस्पर बदल करायला मनाई करतं. डायलच्या उजेडाचा रंग आरसीवर नसतो. बाहेरून दिसणारे लाल-निळे दिवे ही वेगळी गोष्ट, त्याला पोलीस थांबवणारच.

सामान कुठे मिळेल?

सुटे एलईडी आणि रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत. तयार बल्ब आणि जुनी मीटरं हवी असतील तर पुण्यात नाना पेठ धुंडाळा. पहिल्यांदाच करत असाल तर तिथूनच एखादं बंद पडलेलं मीटर घ्या आणि आधी त्याच्यावर हात साफ करा.

आवडलं नाही तर मूळ रंग परत आणता येईल का?

बल्बवाल्या मीटरमध्ये अर्ध्या तासाचं काम. काढलेले बल्ब आणि रबरी टोप्या एका छोट्या पिशवीत भरा, पिशवीवर गाडीचं नाव लिहा आणि ती डिकीतल्या जॅकच्या खणात टाकून द्या. त्या टोप्या आता सुट्या मिळत नाहीत, आणि जुनी गाडी घेणारा शौकीन नेमकं तेच विचारतो. सोल्डर केलेल्या बोर्डाचा काम सुरू करण्याआधीचा फोटो ठेवा, प्रत्येक रेझिस्टरचा आकडा वाचता येईल इतका जवळून.